सर्वगुणसंपन्न बाई आणि एक खून

फ्रायनी फिशरला विमान चालवता येतं. तिची लाल हिस्पानो-सुइझा गाडी ती अशी पिटाळते की शेजारी बसलेल्यानं देवाचं नाव घ्यावं. पहिल्या महायुद्धात तिनं फ्रान्समध्ये अँब्युलन्सवर काम केलंय, नंतर पॅरिसमध्ये चित्रकारांची मॉडेल म्हणून दिवस काढलेत. नाच येतो, पिस्तूल येतं, फ्रेंच येतं, दिसायला देखणी, पैसा मुबलक. १९२८च्या मेलबर्नमध्ये गुन्हे उकलत फिरणारी ही बाई केरी ग्रीनवुड यांनी १९८९ साली जन्माला घातली आणि पुढे तिच्यावर गाजलेली टीव्ही मालिकाही निघाली. तिची ओळख वाचताना रविवारच्या पेपरातल्या ‘वर पाहिजे’च्या जाहिराती आठवतात: गोरी, सुशील, उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष, गायनाची आवड. जाहिरातीत सगळं असतं, मुलगी कशी आहे ते मात्र कळत नाही.

आणि तरीही फ्रायनी मला चालते. तिच्याहून निम्मे गुण असलेल्या कितीतरी नायिका चालत नाहीत. असं का व्हावं?

एकाच बाईला इतकं सगळं कसं येईल, ही रहस्यकथेच्या वाचकांची जुनी कुरकुर आहे. तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं: शेरलॉक होम्सला चालतं, मग हिलाच का नाही? उत्तरात दम आहे. होम्स व्हायोलिन वाजवतो, मुष्टियुद्ध करतो, तलवार चालवतो, १४० प्रकारच्या तंबाखूंची राख नजरेनं ओळखतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. एका कथेत दांडगट डॉक्टरनं वाकवलेली लोखंडी सळई तो हातानं सरळ करतो. डोरोथी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्झी क्रिकेट खेळतो, पियानो वाजवतो, जुने दुर्मिळ ग्रंथ जमवतो, दारूच्या घोटावरून साल सांगतो, आणि एका कादंबरीत तर चर्चच्या घंटा वाजवण्याच्या किचकट शास्त्रातही पारंगत निघतो. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेलं हे काडीपैलवान पोरगं भल्याभल्या गुंडांना पुरून उरलं आणि तीन पिढ्यांनी ते ‘ट्टॉक’ करत वाचलं. शाळकरी पोराला हे कसं जमतं, असा सवाल कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय या कुरकुरीला एक शिवीही मिळाली. १९७३ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या एका छोट्या नियतकालिकात पॉला स्मिथ यांनी एक चिमुकलं विडंबन लिहिलं. त्यातली लेफ्टनंट मेरी सू अवघी साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सगळ्यांत लहान अधिकारी आणि अर्थातच सगळ्यांत कर्तबगार. ती मरते तेव्हा कॅप्टनसकट जहाजावरचे बडे पुरुष अधिकारी रडतात. चाहत्यांनी लिहिलेल्या हौशी कथांची ती थट्टा होती, आणि थट्टा म्हणून झकास होती. पुढे त्या नावाचा शिक्का झाला आणि जरा काही जमणारी नायिका दिसली की तो मारला जाऊ लागला. पुरुष पात्रांसाठीही तसंच एक नाव काढलं गेलं, पण ते फारसं रुळलं नाही. म्हणजे पक्षपात आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘होम्सला चालतं’ हे उत्तर अर्ध्या वाटेत थांबतं. होम्सला का चालतं, हे ते विचारतच नाही. १८८७च्या पहिल्याच कादंबरीत वॉटसन आपल्या नव्या खोलीसोबत्याच्या ज्ञानाची यादी करतो आणि यादीची सुरुवात शून्यांनी होते. साहित्य शून्य, तत्त्वज्ञान शून्य, खगोलशास्त्र शून्य. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे या महाभागाला ठाऊक नाही, आणि सांगितल्यावर तो ते विसरायचा प्रयत्न करतो. लेखक कॉनन डॉइल यांनी होम्सच्या बुद्धीला आधी कुंपण घातलं आणि मग त्या कुंपणाआत तिला मोकाट सोडलं. शेजारी वॉटसन ठेवला. वाचकाच्या मनात येणारी प्रत्येक शंका तो वाचकाआधी विचारतो आणि तोंडघशी पडतो. आपण होम्सवर विश्वास ठेवतो तो वॉटसनच्या भरवशावर.

आणि जिथे डॉइल यांनी हा हिशेब मोडला, तिथे होम्ससुद्धा खोटा वाटतोच. १८९३मध्ये त्यांनी त्याला त्याचा कट्टर शत्रू मोरियार्टी याच्याबरोबर रायशेनबाखच्या धबधब्यात लोटलं. दहा वर्षांनी परत आणायची वेळ आली तेव्हा होम्स वॉटसनला सांगतो की, मला ‘बारित्सू’ नावाची जपानी कुस्ती येत होती, त्यामुळे मी निसटलो. आधीच्या तीन कादंबऱ्या आणि डझनावारी कथांमध्ये या विद्येचा पत्ता नाही. गरज पडली, विद्या हजर! हे एखाद्या नायिकेच्या बाबतीत घडलं असतं तर वाचकांनी पुस्तक भिरकावलं असतं. होम्स परत आल्याच्या आनंदात डॉइल सुटले.

माझं म्हणणं या बारित्सूपाशी आहे. हेराला किती गोष्टी येतात, हा मुद्दाच नाही. ती गोष्ट त्याला येते हे वाचकाला केव्हा कळतं, आणि ती येत असूनही जग त्याला किती अडवतं, यावर सगळं अवलंबून असतं. इतर कादंबऱ्यांत हे थोडं इकडेतिकडे झालं तरी भागतं. रहस्यकथेत भागत नाही, कारण इथे लेखक-वाचकांत एक करार असतो: जे हेराला दिसलं ते मलाही दाखव, मग हरलो तर माझी हार. रोनल्ड नॉक्स या पाद्री लेखकानं १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला सहावा सांगतो की, अपघातानं हेराला मदत होता कामा नये आणि कारण न देता येणारी त्याची आतली जाणीव खरी ठरता कामा नये. नियम अर्ध्या थट्टेत लिहिलेत, पण हा पक्का आहे. ऐनवेळी उगवणारं कौशल्य म्हणजे वेश बदलून आलेला अपघातच.

फ्रायनी चालते ती यामुळे. पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीलाच एका मेजवानीत दिवे जातात, हिऱ्यांचा हार चोरीला जातो आणि ती तो तिथल्या तिथे शोधून देते. ग्रीनवुड पत्ते लपवत नाहीत. गंमत करायची आहे, बाई अचाट आहे, पटत असेल तर पुढे या. तिच्या अचाटपणाचा रहस्य सोडवण्याशी संबंधही बेताचाच. लहानपणी ती मेलबर्नमध्येच दारिद्र्यात वाढलेली आहे, त्यामुळे बंगल्यातलं आणि गल्लीतलं दोन्ही तिला कळतं. तपासाला खरा उपयोग होतो तो याचा. विमान नुसतं शोभेला.

आता दुसरं टोक पाहू. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल पहिल्यांदा दिसली ती १९२७च्या एका छोट्या कथेत. मंडळी जमली आहेत. त्यांत स्कॉटलंड यार्डचा निवृत्त अधिकारी आहे, वकील आहे, पाद्री आहे, लेखक भाचा आहे. प्रत्येकानं स्वतःला ठाऊक असलेलं एकेक रहस्य सांगायचं, असं ठरतं. कोपऱ्यात विणकाम करत बसलेल्या म्हातारीला मोजायचंच राहून जातं. निवृत्त अधिकारी एका विषबाधेची हकीकत सांगतो. मेलेल्या बाईच्या नवऱ्यानं लिहिलेल्या पत्राची काही अक्षरं टीपकागदावर उमटली होती, त्यांत ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’ असे शब्द होते. शेकडो, हजारो! म्हणजे पैसा, बायकोच्या मरणानंतर हाती येणारं घबाड, असंच सगळे समजून चालतात. मार्पलबाईंना मात्र वेगळंच आठवतं. पुडिंगवर पेरायच्या साखरेच्या रंगीत बारीक दाण्यांना इंग्लंडात हेच नाव आहे, आणि त्या रात्री जेवणात तसलंच पुडिंग होतं. (शंभरीला टेकलेल्या कथेचं रहस्य फोडल्याचं पाप माझ्या माथी.)

इथे हुशारी किती लागली? मांडणीवरच्या एका बाटलीइतकी. ती हुशारी खोलीतल्या एकाही कर्तबगार पुरुषाकडे नव्हती, कारण त्यांतला कुणी कधी स्वयंपाकघरात शिरलाच नव्हता. मार्पल पुढे बारा कादंबऱ्यांत याच एका भांडवलावर उभी राहते. सेंट मेरी मीड गावात पाहिलेली माणसं आणि त्यांच्या खोडी हे तिचं सगळं दप्तर. समोरचा खानदानी गृहस्थ तिला गावातल्या कुणा लबाड पोऱ्याची आठवण करून देतो आणि तिथून तपास सुरू होतो. तिला कुणी अतिहुशार म्हणत नाही. खरं तर तिच्या यशाचा आकडा होम्सच्याच जोडीला बसेल, आणि तिच्या वाटेत येणारे खून मोजले तर त्या बापड्या गावात वस्ती कशी शिल्लक राहिली हेच नवल. पण योगायोग वाचक पोटात घालतो. त्याला सोय खपत नाही.

सोय कशी दिसते ते स्टीग लार्सन यांच्या लिसबेथ सॅलँडरमध्ये बघावं, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच बाईत आहेत. लार्सन २००४मध्ये वारले, पहिली कादंबरी २००५मध्ये स्वीडनमध्ये आली आणि जगभर गेली. लिसबेथला एकदा पाहिलेलं पान जसंच्या तसं आठवतं, कुणाच्याही संगणकात शिरता येतं. कागदावर हे भयंकरच अती. तरी पहिल्या पुस्तकात ती शंभर टक्के खरी वाटते, कारण ही असामान्य बुद्धीची मुलगी कायद्याच्या लेखी स्वतःचा कारभार बघायला नालायक ठरवलेली आहे. तिच्या बँकखात्यावर सरकारनं नेमलेल्या पालकाची सत्ता आहे. स्वतःच्या पैशांसाठी तिला त्या नराधमाच्या दारात जावं लागतं. अचाट डोकं, आणि सही करायचा अधिकार नाही! कादंबरीचा जीव या विसंगतीत आहे.

दुसऱ्या पुस्तकात मात्र लार्सन यांचा हात सुटतो. गणितातल्या फर्माच्या ज्या सिद्धांताची सिद्धता साडेतीनशे वर्षं कुणाला मिळाली नाही, ज्यासाठी अँड्र्यू वाइल्स यांनी आयुष्यातली सात वर्षं गुपचूप घातली, त्याची गुरुकिल्ली लिसबेथला फावल्या वेळात सापडते. पुढे डोक्यात गोळी घेऊन, जमिनीत पुरलेली असताना, ती माती उकरून वर येते. तिथून पुढे मी कादंबरी वाचली, पण लिसबेथची काळजी करणं सोडून दिलं. जिला काहीच होऊ शकत नाही तिची काळजी कशाला करायची?

लिसबेथवरून आणखी एक गोष्ट मनात येते, ती तक्रारखोर वाचकांपेक्षा लेखकांच्या पदरात टाकायची आहे. गेल्या वीसेक वर्षांत बुद्धिमान नायिकेला जखम द्यायची पद्धतच पडली आहे. तिच्यावर अत्याचार झालेला असतो, मूल गेलेलं असतं, दारू सुटत नसते, माणसांत वावरता येत नसतं. पुरुष हेरांनाही व्यसनं होतीच की. होम्स कोकेन टोचून घ्यायचा. पण त्याची बुद्धी कोकेनमुळे आली असं डॉइल कधी सुचवत नाहीत. कंटाळा आला की तो टोचून घेतो, बस्स. बाईच्या बाबतीत जखम बुद्धीचं कारण म्हणून येते. जणू तिच्या हुशारीचा खुलासा द्यावाच लागतो, ती उगीच, आपोआप, वडिलांकडून आली म्हणून हुशार असू शकत नाही. अतिगुणी नायिकेवर वाचकाचा विश्वास बसणार नाही ही भीती लेखकाला असते, म्हणून तो किंमत म्हणून तिचं आयुष्य उद्ध्वस्त करतो. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे.

याहून चांगला उपाय आपल्या घराजवळच सापडतो. सुजाता मॅसी यांची २०१८ची कादंबरी १९२१च्या मुंबईत घडते. नायिका परवीन मिस्त्री, पारशी, ऑक्सफर्डला शिकून आलेली वकील. तिला कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून वडिलांच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. मलबार हिलवरच्या एका मृत मुसलमान गिरणीमालकाच्या तीन बेगमा आपापला वाटा सोडून देत असल्याचे कागद तिच्यापुढे येतात. तिघींपैकी एकीनं सही म्हणून नुसती फुली मारलेली आहे. जिला सही करता येत नाही तिनं हा कागद वाचला कसा असेल? संशय तिथून सुरू होतो. बेगमा पडद्यात आहेत. कुठलाही पुरुष वकील, पुरुष फौजदार त्यांच्यासमोर बसू शकत नाही. परवीन बसू शकते. तिच्या हातात दुर्मिळ असं जर काही असेल तर ते हे दार.

परवीनमागे ज्या खऱ्या बाईची छाया आहे, ती कोर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिक. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली, तेव्हा इंग्लंडातल्या काही लोकांनी वर्गणी काढून तिला ऑक्सफर्डला आणलं. तिथे १८९२मध्ये ती कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. बसायची परवानगीसुद्धा विद्यापीठाला खास ठराव करून द्यावी लागली होती. पदवी हातात पडायला मात्र १९२० उलटावं लागलं, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवी देतच नव्हतं. मधल्या काळात ती बंगालकडच्या पडदानशीन जमीनदारणींची कायदेशीर सल्लागार होती आणि शेकडो बायकांच्या वतीनं भांडली. हे चरित्र कल्पित नायिकेला दिलं असतं तर संपादकानं दोन-तीन पराक्रम कापायला सांगितले असते. इतिहासात ते पटतं, कारण प्रत्येक पराक्रमापुढे एक बंद दरवाजा उभा आहे आणि त्यावर तारीख आहे.

प्रत्यक्ष हेरगिरीचंही तसंच. मुंबईच्या खासगी डिटेक्टिव्ह रजनी पंडित यांनी मुलाखतींतून सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. खुनाचा संशय असलेल्या एका बाईच्या घरी त्या मोलकरीण म्हणून राहिल्या, तेही कित्येक महिने. एकदा जवळच्या रेकॉर्डरचा खटका वाजला आणि मालकिणीला संशय आला, बाहेर पडणं अवघड झालं. हवा असलेला माणूस घरी आला तेव्हा निरोप कसा द्यायचा? त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीनं स्वतःच्या पायाला जखम करून घेतली, पट्टी बांधून येते म्हणून बाहेर पडल्या आणि फोन गाठला. यात कराटे नाही, संगणक नाही, फोटोसारखी स्मरणशक्ती नाही. भांडी घासणाऱ्या बाईकडे कुणी निरखून बघत नाही, हे ज्ञान आहे आणि सुरी मारून घ्यायची तयारी आहे. बनावट नायिका मला खटकते ती असल्या तपशिलापुढे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. लहान मुलींचं काय? त्यांना काय फक्त अडलेल्या, अडवलेल्या बायकाच वाचायला द्यायच्या? अमेरिकन बालकथांतली हेर नॅन्सी ड्रू १९३०मध्ये आली ती सोळा वर्षांची, स्वतःची निळी गाडी हाकणारी. तिला येत नाही असं काही शोधून काढावं लागतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सँड्रा डे ओ’कॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर या तिन्ही न्यायाधीश लहानपणी नॅन्सीच्या वाचक होत्या. पहिलं पुस्तक टोपणनावानं लिहिणाऱ्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांना पुस्तकामागे १२५ डॉलर मिळत, हक्क काही नाही. या बाई पुढे विमान चालवायला शिकल्या, आणि २००२मध्ये ९६व्या वर्षी वारल्या तेव्हाही ओहायोतल्या टोलेडोच्या पेपरात लिहीत होत्या. म्हणजे लेखिकाच नायिकेच्या वरताण! १९५९पासून प्रकाशकांनी जुनी पुस्तकं नव्यानं लिहून घेतली. नॅन्सी अठरा वर्षांची झाली, तिचा फटकळपणा घासून गुळगुळीत केला गेला. गुण सगळे राहिले, फक्त धार गेली. जुनी नॅन्सी पोलिसांना आणि मोठ्यांना ताडकन उत्तर द्यायची. नवी गोड बोलते. माझ्या मते कमी पटते ती नवी.

तर मुलांसाठी नॅन्सीही हवी आणि फास्टर फेणेही. दहाव्या वर्षी वाचकाला हिशेब नको असतो, उडी हवी असते. मोठ्यांच्या रहस्यकथेत तीच उडी मारायची तर जमीन कुठे आहे ते दाखवावं लागतं.

ते न दाखवण्याची सगळ्यांत स्वस्त युक्ती सध्या ओटीटीवरच्या पोलिसी मालिकांत बोकाळली आहे. नायिकेला हुशार करायचं ना, मग भोवतालच्या सगळ्यांना ठोंब्या करा. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराला रक्ताचा डाग दिसत नाही, फॉरेन्सिकवाल्याला साधी वेळ सांगता येत नाही. मग बाईसाहेब येतात, खोलीत एक चक्कर मारतात आणि तीन वाक्यांत गुन्हा उलगडतात. हा बाईचा गौरव कसा? मठ्ठांमध्ये पहिला नंबर काढणं एवढंच तिच्या वाट्याला आलंय. मार्पलच्या पहिल्या कथेतला स्कॉटलंड यार्डचा माणूस मूर्ख नाही. त्यानं तपास नीट केलाय, फक्त त्याला पुडिंग ठाऊक नाही.

मराठीत असं काही लिहायला सामग्रीची वाण नाही. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातली महिला उपनिरीक्षक घ्या. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची, असा कायदा आहे. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर ती अपवाद म्हणूनच, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी काढून आणि महिला अधिकाऱ्याकडूनच. म्हणजे ठाण्यातल्या इतर कुणालाही न मिळणारी पहिली, अर्धवट, घाबरलेली हकीकत तिच्या कानावर येते. तपास मात्र बहुधा दुसऱ्याकडे, आणि तिची ड्यूटी उद्या मंत्र्यांच्या बंदोबस्ताला. जबाबातलं एक वाक्य तिला खटकलेलं आहे, आणि ते सांगायला साहेबांच्या केबिनबाहेर ती उभी आहे. या बाईला विमान चालवता आलं तरी माझी हरकत नाही, फक्त ते पहिल्या प्रकरणात सांगा. मला आधी ते खटकलेलं वाक्य वाचायचं आहे.